बांधकामाच्या मालाचा कार्बन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे-नाशिक पट्ट्यात मी बांधकामाच्या मालाची खरेदी बघतो. सिमेंट, सळई, खडी, ब्लॉक, खिडक्यांचे सेक्शन, सगळंच. पूर्वी फोनवर एकच विचारणा असायची, "आजचा रेट काय?" हल्ली त्याच फोनवर दुसरा प्रश्नही येतो, "याचा कार्बन किती?" विचारणारे सगळ्या प्रकारचे असतात. कुणी गावाकडे बंगला बांधतोय, कुणी रीडेव्हलपमेंट कमिटीत आहे, कुणा ठेकेदाराकडे मोठ्या कंपनीने फॉर्म धाडलाय. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा एका जागी लिहून ठेवलेली बरी.

पुरवठा साखळीतला कार्बन म्हणजे नेमका कोणता?

इमारतीची चावी हातात पडेपर्यंत तिच्या मालासाठी जो धूर, म्हणजे मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, निघालेला असतो, तो. गंमत अशी की यातला फार थोडा धूर साइटवर दिसतो. बाकीचा चंद्रपूरच्या सिमेंट भट्टीत, डोलवीच्या पोलाद कारखान्यात, जालन्याच्या फर्नेसमध्ये आणि गावाबाहेरच्या वीटभट्टीवर निघून गेलेला असतो. राहायला गेल्यावर एसी, लिफ्ट, गीझर यांचा हिशोब वेगळा सुरू होतो. तो पुढच्या पन्नास वर्षांत कधीही कमी करता येतो, छतावर सोलर टाकून वगैरे. मालाचं तसं नाही, स्लॅब पडला की तो आकडा गोठला.

माझ्या हजार चौरस फुटांच्या घराला किती लागतो?

साइटवर सगळे वापरतात त्याच ठोकताळ्यांनी मांडू. आरसीसी बांधकामाला चौरस फुटाला साधारण ०.४ गोणी सिमेंट आणि ४ किलो सळई धरतात. म्हणजे ४०० गोण्या (२० टन) सिमेंट, ४ टन सळई, ८,००० च्या आसपास विटा, १८ ब्रास वाळू आणि १३ ब्रास खडी (ब्रास म्हणजे शंभर घनफूट).

सगळं सिमेंट ओपीसी, म्हणजे साधं, औष्णिक केंद्रातली राख (फ्लाय अॅश) न मिसळलेलं असेल, तर टनाला सुमारे ०.८५ टन कार्बन डायऑक्साइड धरा. झाले १७ टन. सळईला देशाची सरासरी टनाला अडीच टनांच्या आसपास आहे, म्हणजे १० टन. कोळशावर भाजलेल्या विटेला अर्धा ते पाऊण किलो लागतो, तिथे ५ टन जातात. वाळू-खडी फोडण्यात आणि साइटवर आणण्यात मिळून दीड टन. एकूण तेहेतीस-चौतीस टन.

हे आकडे नाक्यावरच्या हिशोबाचे आहेत, ऑडिटचे नाहीत. पण प्रमाण बघा: सिमेंट आणि सळई या दोनच गोष्टींनी पाचातले चार हिस्से खाल्ले. रंग, वायर, प्लंबिंग यावर डोकं खाजवत बसण्याआधी या दोन ओळी बघाव्यात असं मी म्हणतो ते यासाठी.

पण लांबून ट्रकने माल आणण्यात जास्त कार्बन जात असेल ना?

हा सगळ्यांचा लाडका प्रश्न. डीझेलचा काळा धूर डोळ्यांना दिसतो, भट्टीतला दिसत नाही, म्हणून असेल.

लिटरभर डीझेल जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. खडीचा डंपर ६० किलोमीटरवरून वीस टन घेऊन आला आणि रिकामा परत गेला, तर १२० किलोमीटर. लिटरला साडेतीनची अॅव्हरेज धरली तर ३४ लिटर डीझेल, म्हणजे ९२ किलो. टनाला साडेचार-पाच किलो. आता सिमेंट घ्या. चंद्रपूर ते पुणे सातशे किलोमीटरच्या आसपास. पंचवीस टनी ट्रक येऊन रिकामा परत गेला तरी टनाला चाळीस-पंचेचाळीस किलोच होतात, आणि ओपीसी बनवतानाच ८५० किलो निघून गेलेले असतात. रेल्वेने आलं तर वाहतुकीचा आकडा आणखी खाली येतो.

वाहतूक सोडून द्यावी असं नाही. खडी-वाळूसारख्या स्वस्त आणि जड मालात तिचा वाटा मोठा असतो. सुदैवाने आपला निम्म्याहून जास्त महाराष्ट्र काळ्या बसाल्टवर बसलाय, त्यामुळे खडी आणि क्रश सँड गावाजवळच मिळते. २०२५ मध्ये राज्य सरकारने कृत्रिम वाळूचं धोरणही आणलं. चुनखडीची गोष्ट उलटी. ती मुख्यतः विदर्भात, चंद्रपूर-यवतमाळकडे. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्राला सिमेंट लांबूनच आणावं लागतं, आणि सोलापूरकडे तर ते बरंचसं कलबुर्गी पट्ट्यातून येतं. "लोकल सिमेंट घ्या" हा सल्ला सातारकराला देऊन उपयोग काय?

सिमेंटच्या कारखान्याने सोलर लावला तर प्रश्न मिटेल का?

थोडा मिटेल. चुनखडी भट्टीत १,४५० अंशांपर्यंत तापवून क्लिंकर करतात, म्हणजे जे दळून सिमेंट होतं ते खडे. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते फुटून चुना होतो तेव्हा टनामागे ४४० किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच बाहेर पडतो. इंधन कोळसा असो, कचरा असो, की उद्या हायड्रोजन, हा वायू निघणारच. सिमेंटच्या निम्म्याहून जास्त कार्बनचं मूळ हे आहे. विजेचा वाटा लहान आणि इंधनाचा मध्यम. म्हणून ग्राहकाच्या हातातला सगळ्यात सरळ उपाय एकच: गोणीतलं क्लिंकर कमी करा.

ते गोणीवरून कसं कळायचं?

ब्रँडच्या नावाखाली छापलेला आयएस, म्हणजे भारतीय मानकाचा, क्रमांक वाचा. आयएस २६९ म्हणजे ओपीसी, त्यात ९५ टक्क्यांच्या आसपास क्लिंकर. आयएस १४८९ भाग १ म्हणजे पीपीसी, यात १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश. आयएस ४५५ म्हणजे पीएससी, यात २५ ते ७० टक्के पोलाद भट्टीचा स्लॅग, म्हणजे मळी. आयएस १६४१५ म्हणजे कंपोझिट, राख आणि स्लॅग दोन्ही. आयएस १८१८९ दिसला तर तो एलसी३, त्याबद्दल पुढे लिहिलंय. पीपीसीच्या अनेक गोण्यांवर राखेची टक्केवारीही छापलेली असते. "स्ट्राँग", "सुपर", "गोल्ड" हे शब्द वाचू नका, त्यांना कुठलंही मानक नाही.

जाता जाता, गोणीवर छापलेला उत्पादनाचा आठवडा आणि वर्षही बघा. तीन महिने गोदामात पडून ओल खाल्लेली गोणी कुठल्याच हिशोबात बसत नाही.

पीपीसी कच्चं असतं म्हणतात. स्लॅबला ओपीसी ५३ च घ्यावं ना?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त चहा संपवलाय.

"कच्चं" या समजाचं एक कारण कागदावर आहे. मानकात पीपीसीची २८ दिवसांची किमान ताकद ३३ मेगापास्कल आहे आणि ओपीसी ५३ ची ५३. लोक हे दोन आकडे शेजारी ठेवतात आणि निकाल लावतात. पण ३३ ही पास होण्याची रेघ आहे. चांगल्या कारखान्याचं पीपीसी तिच्या पुष्कळ वर असतं, शंका असेल तर त्या बॅचचं टेस्ट सर्टिफिकेट मागवा. फरक पडतो तो वेगात. राख चुन्याशी सावकाश खेळते, म्हणून सातव्या दिवशीचा क्यूब, म्हणजे ताकद तपासायचा ठोकळा, थोडा मागे राहतो. पुढे तीच राख बारीक छिद्रं बुजवते आणि काँक्रीट जास्त घट्ट होतं. गळणाऱ्या स्लॅबचं कारण बहुतेक वेळा व्हायब्रेटर नीट न फिरवणं आणि पाणी न मारणं हे असतं, सिमेंटचा प्रकार नसतो.

खरं कारण मला एका साइटवर कळलं. आरसीसी कन्सल्टंटने पीपीसीला मंजुरी दिली होती, मालक तयार, रेटही गोणीमागे कमी. तरी ठेकेदार ओपीसीवर अडून बसला. शेवटी स्लॅबखाली, टेकूंच्या जंगलात उभा राहून तो म्हणाला, "साहेब, सिमेंटचं मला काही नाही. माझ्याकडे प्लेटांचा एकच सेट आहे. तो वर गेला नाही तर माझे सुतार बसून पगार खातात."

म्हणजे कार्बन ठरत होता तो शटरिंगच्या, म्हणजे ओल्या स्लॅबखालच्या प्लेटा-टेकूंच्या भाड्यावर. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीट बांधकामाच्या मानकाप्रमाणे, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांनी. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नियमात पीपीसीला हीच मुदत १०/७ पट धरतात, म्हणजे सातचे दहा. पण त्याच आयएस ४५६ मध्ये आणखी एक सोय आहे, ती कुणी वाचत नाही: खालच्या प्लेटा तीन दिवसांनी काढता येतात, फक्त टेकू लगेच परत लावायचे. पीपीसीला इथेही थोडा वेळ वाढवून घ्यायचा आणि कन्सल्टंटची सही घ्यायची. आम्ही जादा जॅक, म्हणजे लोखंडी टेकू, भाड्याने आणले आणि प्लेटा वर पाठवल्या. भाड्याचा खर्च गोणीच्या फरकातच बराचसा निघाला.

तुमच्या ४०० गोण्या ओपीसीऐवजी पीपीसी घेतल्या तर १७ टनांचे १२ होतात. फक्त मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस पाणी मारावं लागतं, ओपीसीला सात. मुकादमाला ते आधी सांगा, नाहीतर आठव्या दिवशी पाइप गुंडाळून तो गावी जाईल.

आणि स्लॅग सिमेंट?

पायासाठी, राफ्टसाठी (इमारतीखालचा सलग जाड पाया) आणि किनाऱ्यालगतच्या कामाला माझी पहिली पसंती. अर्धा स्लॅग असेल तर टनाला साडेचारशे किलोपर्यंत येतं. जाड राफ्टमध्ये ते कमी तापतं, त्यामुळे तडे कमी, आणि खाऱ्या हवेतल्या क्लोराइडला जास्त दाद देत नाही. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी इथल्या माणसाने सळई गंजण्याच्या भीतीपोटी तरी ते घ्यावं. कार्बन वाचला तो वरचा नफा.

राख आणि स्लॅग तर दुसऱ्या कारखान्यांचा कचरा. ते संपले तर?

प्रश्न बरोबर आहे. राख येते कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, भुसावळ, एकलहरे, पारस, परळी अशा औष्णिक केंद्रांतून. केंद्र सरकारच्या १९९९ पासूनच्या अधिसूचनांमुळे ती वापरणं या केंद्रांवर बंधनकारक होत गेलं. आज राख मुबलक आहे, पण उद्या कोळसा कमी जळला तर राखही कमी. स्लॅगला तर आत्ताच गिऱ्हाईक ठरलेलं असतं. तुम्ही जास्त स्लॅग उचलला म्हणजे दुसऱ्या कुणाला कमी मिळाला, असंही होतं. इथेच एलसी३ चा विषय येतो.

एलसी३ म्हणजे काय? मिळतं का?

भाजलेली चिकणमाती आणि कच्ची चुनखडी घातलेलं सिमेंट. साधारण निम्मं क्लिंकर, तीस टक्के भाजलेली माती, पंधरा टक्के चुनखडी, बाकी जिप्सम. माती सातशे ते साडेआठशे अंशांवर भाजते, क्लिंकरच्या जवळपास निम्म्या तापमानावर, आणि मातीतून कार्बन निघत नाही, नुसतं पाणी निघतं. ओपीसीच्या तुलनेत तीस ते चाळीस टक्के बचत होते. स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल संस्थेत कॅरेन स्क्रिव्हनर यांच्या गटाने, क्यूबातल्या संशोधकांबरोबर आणि दिल्ली-मद्रासच्या आयआयटींबरोबर यावर काम केलं. झाशीला एक नमुना घरही बांधलं. भारतीय मानक २०२३ मध्ये आलं. त्याआधी कन्सल्टंट "कोडमध्ये नाही" म्हणून हात वर करायचे, आता ते कारण उरलं नाही. मोठ्या कामाला विचारणा करून बघण्यासारखं आहे. गावच्या दुकानात दहा गोण्या मागायला गेलात तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील.

आम्ही गोण्या घेत नाही, आरएमसी घेतो. मग काय विचारायचं?

आरएमसी म्हणजे प्लांटवर बनून मिक्सर गाडीने येणारं काँक्रीट. त्यासाठी मागायचा मिक्स डिझाइनचा कागद. "एम २५ पाठवा" एवढंच, म्हणजे फक्त ताकदीचा दर्जा सांगितला तर प्लांट त्याला सोयीचं डिझाइन पाठवतो. त्या कागदावर घनमीटरला किती किलो ओपीसी, किती फ्लाय अॅश आणि किती जीजीबीएस, म्हणजे दळलेला स्लॅग, हे लिहिलेलं असतं. आयएस ४५६ मध्ये मध्यम हवामानातल्या आरसीसीला किमान ३०० किलो बाइंडर (सिमेंट, राख, स्लॅग मिळून) सांगितलंय आणि तीव्र हवामानाला ३२०. तुमच्या कागदावर ३८० दिसलं तर का, ते विचारा. पुष्कळदा उत्तर "सेफ्टीसाठी" असं येतं. त्याचा खरा अर्थ असा असतो की प्लांटवर वाळूतला ओलावा नीट मोजत नाहीत आणि क्यूब कमी येण्याची भीती गोणी वाढवून झाकतात.

दुसरा प्रश्न कन्सल्टंटला विचारा: ताकद २८ ऐवजी ५६ दिवसांवर तपासली तर चालेल का? पायावर आणि खालच्या कॉलमवर पूर्ण भार यायला महिनोन्महिने लागतात. तिथे ५६ दिवस मान्य केले की राख-स्लॅगचं प्रमाण निवांत वाढवता येतं.

आणि फुकट जाणारा माल मोजा. एका कामावर दुपारी चार वाजून दहा मिनिटांचं चलन घेऊन निघालेला मिक्सर हिंजवडीच्या वाहतुकीत अडकला आणि सात वाजता गेटवर आला. आयएस ४९२६ प्रमाणे मिक्सर भरल्यापासून दोन तासांत काँक्रीट उतरवायचं असतं, रिटार्डर, म्हणजे काँक्रीट उशिरा आवळणारं रसायन, घातला असेल तरच जास्त. ड्रायव्हरने खाली उतरून आधी पाण्याचा पाइप ड्रममध्ये सोडला, मग आम्हाला हाक मारली. स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटचा सैलपणा, सुंदर दिसत होता! आम्ही परत पाठवला. सहा घनमीटर, म्हणजे दोन टन बाइंडर, त्यातला टनाहून जास्त ओपीसी, प्लांटच्या मागच्या आवारात ओतला गेला. साधारण सव्वा टन कार्बन एका फेरीत मातीत. त्यानंतर मी जवळचा प्लांट निवडतो तो डीझेलसाठी नाही, यासाठी. आणि शेवटच्या गाडीची ऑर्डर देण्याआधी उरलेली जागा टेपने मोजून घेतो. "अजून एक पाठवा, लागेल" या वाक्याने पुण्यात किती काँक्रीट वाया जात असेल!

सळई कुठली घ्यावी? मोठ्या कंपनीची की जालन्याची?

इथे एका शब्दात उत्तर देणारा माणूस बहुधा विकणारा असतो.

लोहखनिज आणि कोक वापरून ब्लास्ट फर्नेसमध्ये केलेल्या पोलादाला टनाला सव्वादोन-अडीच टन कार्बन लागतो. भंगार वितळवून केलं तर मुख्य खर्च विजेचा. इंडक्शन फर्नेसला टनाला सहाशे-साडेसहाशे युनिट लागतात आणि आपल्या ग्रिडच्या युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन पडतो, म्हणजे वितळवण्याचे अर्धा टनही होत नाहीत. ऐकून वाटतं, जालना जिंकलं. पण फर्नेसमध्ये नुसतं भंगार जात नाही. सोबत स्पंज आयर्न, म्हणजे खनिजापासून न वितळवता केलेलं लोखंड, घालतात, आणि कोळशावर केलेलं स्पंज आयर्न ब्लास्ट फर्नेसपेक्षाही वाईट असू शकतं. म्हणून विचारायचं ते असं: "तुमच्या चार्जमध्ये भंगार किती टक्के, स्पंज किती?" ज्या मिलला उत्तर माहीत आहे ती सांगते.

भंगारात आणखी एक जोखीम असते, गंधक आणि फॉस्फरस. त्यासाठी एफई ५००डी या दर्जाची सळई मागा. आयएस १७८६ मध्ये त्यात दोन्हींना प्रत्येकी ०.०४० टक्क्यांची मर्यादा आहे, साध्या एफई ५०० ला ०.०५५. हीट नंबरचं (भट्टीच्या त्या घाण्याचं) सर्टिफिकेट आणि सळईच्या गठ्ठ्यावरचा टॅग जुळतो का, ते गेटवरच बघायचं. कार्बन वाचवताना भूकंपात वाकणारी सळई सोडून तुटणारी आणली, तर काय साधलं?

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या पोलाद मंत्रालयाने ग्रीन स्टीलची व्याख्या ठरवली. टनाला २.२ टनांपेक्षा कमी असेल तर हरित. २.० ते २.२ ला तीन तारे, १.६ ते २.० ला चार, १.६ च्या खाली पाच. तारेवालं सर्टिफिकेट मिळत असेल तर गप्पांपेक्षा ते बरं.

आणि सगळ्यात स्वस्त कपात म्हणजे सळई कमी लागणं. बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे कुठे किती लांबीची सळई लागेल याचा तक्ता, न करता बारा मीटरच्या सळया साइटवर कापल्या की कोपऱ्यात तुकड्यांचा ढीग साचतो. एकदा त्या ढिगाचं वजन करून बघा. वॉचमन तो कुणाला विकतो हा वेगळा विषय आहे.

विटा, एएसी ब्लॉक की चिरा?

कोकणात, गोव्यात असाल तर चिरा. जांभा दगड खाणीतून कापला की झाला. भाजणं नाही, भट्टी नाही. खर्च यंत्राच्या डीझेलचा आणि वाहतुकीचा. आमच्या बाजूला दोनशे किलोमीटरवरून आणला तरी टनाला पंधराएक किलो पडतात, भाजक्या विटेला त्याच्या कितीतरी पट. पण चिरा जड आणि भिंत जाड. आरसीसी सांगाड्यात तो भार बीमवर येतो आणि सळई वाढते. दुमजली, भिंतींवर उभ्या घराला तो शोभतो. सातव्या मजल्यावर नाही.

एएसी, म्हणजे आत हवेची छिद्रं असलेल्या हलक्या ब्लॉकचं वजन विटेच्या एकतृतीयांश. त्यात राख असते, पण सिमेंट, चुना आणि वाफेसाठी इंधनही लागतं, त्यामुळे ब्लॉक म्हणजे शून्य कार्बन नव्हे. त्याचा मोठा फायदा हलकेपणातून येतो, आणि तो फायदा मिळतो कन्सल्टंटला डिझाइनच्या आधी सांगितलं तरच. विटेच्या भाराने डिझाइन करून नंतर ब्लॉक लावले तर सळई तेवढीच गेली. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पहिल्या मीटिंगलाच विचारतो.

खिडक्या, टाइल्स?

खाणीपासून केलेल्या अॅल्युमिनियमला आपल्याकडे टनाला पंधरा टनांच्या वर कार्बन लागतो, कारण वीज कोळशाची. पुनर्वापराचं असेल तर त्याचा लहानसा अंश. सेक्शन घेताना तेवढं विचारा. अॅल्युमिनियमचं फॉर्मवर्क मात्र शंभरावर वेळा वापरतात, त्यामुळे तिथे घाबरू नका. टाइल्समध्ये ब्रेकेज कमी ठेवा, पुरे.

जुनी इमारत पाडतोय. तिच्या मालाचं काय?

सळईची काळजी नको, ती भंगारवाला पहाटेच नेतो. राहतो तो राडारोडा. पुणे महापालिकेचा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीला आहे, पिंपरी-चिंचवडचा मोशीला. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत जुन्या काँक्रीटची खडी चालते: साध्या काँक्रीटला २५ टक्के, एम २५ पर्यंतच्या आरसीसीला २० टक्के, एम १५ पेक्षा कमी ताकदीच्या दुबळ्या काँक्रीटला १०० टक्के. खरं सांगायचं तर यात कार्बन फार वाचत नाही, कारण खडीचा कार्बन मुळातच कमी. वाचतो तो डोंगर आणि नाल्याचा काठ.

कार्बन वाचवायचा असेल तर सांगाडा ठेवता येतो का, हे पाडण्याआधी विचारा. एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं याच्या, गणितापुढे हा प्रश्न कमिटीत टिकत नाही, हे मला माहीत आहे.

सरकारचं काही बंधन किंवा सवलत?

लहान घराला बंधन नाही. सिमेंट कारखान्यांना मात्र कार्बन क्रेडिट योजनेखाली २०२५ मध्ये उत्सर्जनाची लक्ष्यं ठरवून दिली आहेत, त्यामुळे मिश्र सिमेंट विकण्यात त्यांचाही फायदा. राडारोड्याचे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू, २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांवर त्यात उत्पादकाची जबाबदारी टाकली आहे. सवलत हवी असेल तर महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत, मुंबई महापालिका सोडून बहुतेक राज्यात, ग्रीहा किंवा आयजीबीसीच्या हरित इमारत मानांकनानुसार मूळ एफएसआयवर ३, ५ किंवा ७ टक्के जादा मिळतो. ते मानांकन फक्त मालावर मिळत नाही, पाणी, वीज सगळंच बघतात.

शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांना सेबीच्या बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीच्या अहवालात हे सगळं मांडावं लागतं. तुमच्याकडे आलेला फॉर्म बहुधा तिथूनच घरंगळत आलाय.

पुरवठादार कागद मागितला की हसतो. काय करू?

हसू द्या, पण कागद ऑर्डरच्या आधी मागा. मोठ्या सिमेंट-पोलाद कंपन्यांकडे ईपीडी असतो, म्हणजे त्रयस्थाने तपासलेला मालाचा पर्यावरण दाखला. त्यात ए१ ते ए३ लिहिलेला रकाना बघा, तो कारखान्याच्या फाटकापर्यंतचा आकडा. छोट्या खडी क्रशरवाल्याकडे ईपीडी मागणं म्हणजे त्याची चेष्टा. त्याच्याकडून महिन्याचं वीजबिल, डीझेल आणि किती ब्रास काढली, एवढं घ्या. हिशोब तुम्ही करा.

त्यापेक्षा झाडं लावली तर?

लावा. सावली मिळेल. पण स्लॅबच्या नावावर जमा करू नका.

खरेदीच्या ऑर्डरवर नेमकं काय लिहू?

माझ्या ऑर्डरवर आरएमसीसाठी हे असतं: "एम २५. ओपीसी घनमीटरला २३० किलोपेक्षा जास्त नको, बाकी बाइंडर फ्लाय अॅश किंवा जीजीबीएस, एकूण ३२० पेक्षा कमी नको. मिक्स डिझाइन कन्सल्टंटच्या सहीशिवाय बदलायचं नाही. प्रत्येक गाडीसोबत बॅच रिपोर्टची प्रत." हे आकडे माझ्या कामाचे. तुमचे तुमचा कन्सल्टंट ठरवेल.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. बॅच रिपोर्ट म्हणजे प्लांटच्या संगणकाने छापलेली पट्टी, त्यावर प्रत्येक मालाचं प्रत्यक्ष वजन असतं. गेटवरच्या पोराला मी एवढंच शिकवलंय: सिमेंटचा रकाना बोटाने शोधायचा, आकडा वहीत उतरवायचा आणि मगच मिक्सर आत सोडायचा. पहिल्या आठवड्यात त्याने तीन गाड्यांवर २७० लिहिलेलं पकडलं. प्लांटवाल्याला फोन केला, तर म्हणाला, "अहो, जास्तच दिलंय ना!"